फ्लेक्सवरचा पहिला नंबर

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, म्हणजे मधे मधे मला थांबावं लागणार नाही. मी घातलेला घोळ घरातल्या घरात राहिला असता, तर मी तो गुपचूप पोटात घातला असता. पण तो आमच्या गावच्या, डिंगोऱ्याच्या चौकात लागला होता हो! दहा बाय सहा फूट, रंगीत, चारी कोपऱ्यांनी दोरीनं ताणून! आता लपवू काय आणि कुणापासून?

आधी माझी ओळख सांगते. मी अश्विनी. घरात सगळे अशू म्हणतात. एम.एस्सी. झालेय, वनस्पतिशास्त्रात. पण एवढं शिकूनही कुकरची शिट्टी झाली की मी जागच्या जागी उडते. मागून कुणी "अगं" म्हणालं तरी हातातलं भांडं खाली. फोन वाजला की छातीत असं काही धस्स होतं, की मी तो कायम सायलेंटवरच ठेवते. आप्पा म्हणजे माझे वडील म्हणतात, "हिला झाडांचं शिक्षण दिलं ते बरं केलं. झाडं वरडत न्हाईत."

तर यंदा दसऱ्यानंतरचे दिवस आमच्या घरात नुसते उधळलेले होते. दादाची मुलगी स्वरा, वय वर्षं अकरा, ती दोन्ही हात सोडून सायकल चालवायला शिकली (मी बघायला गेले नाही). तिचा शेवटचा दुधाचा दात सोयाबीनच्या मळणीत पडला आणि भुशात गेला तो गेलाच. आप्पांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हातानं व्हिडिओ कॉल लावला आणि पुण्याच्या काकांना वीस मिनिटं आपला उजवा कान दाखवला. शिवाय शाळेला सुट्टी लागली की सगळ्यांनी घाटमाथ्यावरच्या आहुप्याला जायचं ठरलं होतं. दादाचा कॉलेजातला दोस्त यशवंता तिथला. तो कधीपासून बोलावत होता, "भात कापायच्या आत या रे!"

पण या सगळ्याच्या वर होती ती स्वराची लांब उडी.

गेल्या वर्षी ती तालुक्यात तिसरी आली होती. जिल्ह्याला जातात पहिल्या दोघी. बोटभर अंतरानं हुकलं आणि पोरगी रडली नाही, काही नाही, फक्त दुसऱ्या दिवसापासून गोठ्याच्या बांधकामाला आणलेल्या वाळूच्या ढिगात उड्या मारायला लागली. वर्षभर! रोज संध्याकाळी दादा ओरडायचा, "ए पोरी, वाळू इस्कटू नको, गवंडी बोंबलतोय!" आणि ती आत गेली की स्वतःच फावडं घेऊन तिच्यासाठी ढीग सपाट करून ठेवायचा. गोठा अजून अर्धाच आहे. कारण विचारू नका.

स्पर्धेचा दिवस शुक्रवार. नेमकं त्याच दिवशी मळणीचं मशीन मिळालेलं. दादा-वहिनींना हलता येईना. मग जबाबदारी कुणावर? माझ्यावर!

कविता वहिनीनं निघताना माझ्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीतला एक कागद दिला. आवाज अगदी शांत.

"अशूताई, एकच काम आहे. हा तिचा जन्मदाखला. याची झेरॉक्स काढायची, तिथं टेबलावर द्यायची. आणि हा मूळ कागद जिवापेक्षा जपून परत आणायचा. नवा काढलाय, क्यूआर कोडवाला. तीन चकरा मारल्यात मी याच्यासाठी."

"वहिनी, एवढं काय! मी काय लहान आहे का?"

वहिनीनं माझ्याकडे नुसतं बघितलं.

जुन्नरच्या मैदानावर पोहोचलो तर जत्रा! शंभर पोरं, पन्नास शिट्ट्या, आणि प्रत्येक शिट्टीला मी एकदा उडतेय. तरी धीर धरून कागदपत्रांच्या टेबलापाशी गेले. "इथं झेरॉक्स कुठं मिळेल हो?" असं विचारायला तोंड उघडलं, आणि माझ्या उजव्या कानापासून दोन हातांवर धाडकन बार झाला!

शंभर मीटरची शर्यत सुटली होती, एवढंच. पण मी "आई गं!" म्हणून अशी काही उडी घेतली, की ती मोजली असती तर त्या दिवशी जिल्ह्याला मीच गेले असते. शिक्क्याचा जांभळा पॅड उडाला तो थेट माझ्या नव्या ओढणीवर. टेबलावरचे गुरुजी बघतायत, पोरं खिदळतायत. मी तशीच नळाकडे पळाले. ओढणी धुता धुता माईकवर पुकारा झाला, "चौदा वर्षांखालील मुली, लांब उडी!" मग काय, मी ओल्या ओढणीनिशी पळाले मैदानाकडे. दाखला पर्समध्ये. झेरॉक्स नाही, टेबल नाही, काही नाही. डोक्यातून साफ गेलं!

आणि उडी? उडी मी बघितलीच नाही. स्वरा धावायला लागली आणि माझे डोळे आपोआप मिटले. उघडले तेव्हा ती वाळू झटकत होती.

"कशी गेली?"

"बरी गेली. पण आत्या, ओतूरची ती उंच मुलगी माझ्यापुढं गेली वाटतं."

"छे! तिनं फळीच्या पुढं पाय टाकला असेल."

"नाही टाकला."

"तुला काय माहीत?"

"मी बघत होते. तू?"

या मुलीला उलट बोलायचं वळण कुणी लावलं, देव जाणे.

दुपारी भिंतीवर याद्या लागल्या. स्वरा मैत्रिणींबरोबर डबा खात होती. तिच्या शाळेचे पीटीचे सर मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला खो-खोच्या पोरींवर ओरडत होते. भिंतीपुढं ही गर्दी! माझी उंची पाच फूट. मी फोन डोक्यावर धरला, गर्दीच्या वरून एक फोटो मारला, बाजूला आले आणि मोठा करून बघितला.

एक नंबर. कु. स्वरा संतोष, डिंगोरे.

एक नंबर! अहो, एक नंबर!!

आता तुम्ही म्हणाल, यादीच्या वर काय लिहिलं होतं? वरचं फोटोत आलंच नव्हतं. आणि खालची नावं? एकदा पहिल्या नंबरला आपलं नाव दिसल्यावर खालची नावं कोण वाचतं? तुम्ही वाचता? सगळ्यात खाली कुणाच्या तरी कोपराआडून अर्धी ओळ डोकावत होती, "सोमवारी सकाळी अकरापर्यंत". ती मात्र मी वाचली. म्हटलं, सोमवारी अकराला सत्कार दिसतोय! सत्काराला 'अकरापर्यंत' कशाला म्हणतील, हा प्रश्न एम.एस्सी. झालेल्या बाईला पडायला हवा होता. नाही पडला.

मी दादाला फोन लावला. मागे मशीन धडधडत होतं.

"दादा! पहिली! स्वरा तालुक्यात पहिली!"

"काय म्हनती?"

"पहिलीऽऽ! यादीत एक नंबर!"

मशीन बंद झालं. अक्षरशः बंद केलं त्यानं. मग दादाचा आवाज आला, जरा जडच. "अशू... फ्लेक्स लावायचा."

हे तुम्हाला समजायचं नाही, जर तुम्ही आमच्याकडचे नसाल. आमच्याकडं माणूस पोलिसात लागला की फ्लेक्स, वाढदिवस आला की फ्लेक्स, वासरू झालं तरी कुणी कुणी लावेल. आणि आमच्या घराचा आजवर एकही फ्लेक्स नव्हता! शेजारच्या तात्यांच्या बैलाचा दोनदा लागला होता. दादा तिथून गाडीवरून जाताना मान दुसरीकडे वळवायचा.

"तू हायेस जुन्नरातच," दादा म्हणाला, "आत्ताच्या आत्ता टाक ऑर्डर. मी फोटू पाठवतो. आन् नाव नीट टाकाय सांग. मागं तात्याच्या बैलाचं नाव चुकलं व्हतं, बैलाचं आन् तात्याचं उलटंपालटं झालं व्हतं."

फ्लेक्सवाल्याच्या दुकानात दिवाळीच्या शुभेच्छांचा ढीग. तो कानात इअरफोनचं बोंडूक घालून कॉम्प्युटरपुढं बसलेला.

"नावात चूक नको बरं का," मी म्हणाले.

"ताई, कायतरी लेखी द्या मग."

मी पर्स उघडली आणि त्याला वहिनीचा तो कागद दिला. जन्मदाखला! नाव, वडिलांचं नाव, गाव, सगळं छापील, सगळं बिनचूक. आपल्याच हुशारीवर मी खूश!

"निवांत जावा ताई. समदं झकास बसवतो. सकाळी माणूस येऊन लावून जाईल."

तेवढ्यात बाहेर स्वरा ओरडली, "आत्या, एसटी!" आणि आत्या पळाली.

शनिवारी सकाळी चौकात फ्लेक्स लागला. काय सांगू! मधे स्वरा, शाळेच्या ओळखपत्रावरचा फोटो, मागे उडणारा गरुड. वर सोनेरी अक्षरांत 'तालुक्यात प्रथम क्रमांक!' खाली शुभेच्छुकांची रांग. दादा गॉगलमध्ये, आप्पा फेट्यात, आणि मी, 'मार्गदर्शक: आत्या' म्हणून! कोपऱ्यात सरकारी शिक्क्याचं कसलंसं प्रमाणपत्रही झळकत होतं. फ्लेक्सवाले असं काहीतरी टाकतातच. आप्पांनी नारळ फोडला. हलगी वाजली, मी दचकले, गुलाल उडाला. तात्या स्वतः येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "आमच्या बैलाच्यापेक्षा मोठा केला का रं संतोष?"

"दोन फुटानं," दादा म्हणाला. चेहऱ्यावर असं तेज, की गुलाल फिका पडला.

स्वरा तेवढी मागे उभी होती. मला म्हणाली, "आत्या, नक्की ना?"

"अगं, फोटो आहे माझ्याकडे यादीचा!"

फोन बघितला तर पीटीच्या सरांचे पाच मिस्ड कॉल. बिचारे, अभिनंदन करायला किती धडपडतायत! मी लगेच मेसेज टाकला, "धन्यवाद सर! सगळं झालं. तुमच्यामुळेच झालं." आणि आम्ही जीपमध्ये बसलो. घोडेगाव ओलांडून वर चढायला लागलो तशा फोनवरच्या रेंजच्या दांड्या एकेक करून गेल्या.

आहुपे काय वर्णन करू! पिवळं झालेलं भात, देवराईतली गार सावली, नाचणीची गरम भाकरी, आणि यशवंताच्या आईचा आग्रह. रविवारी दुपारी आम्ही ओसरीवर बसलो होतो. आप्पा पोरीची कीर्ती तिसऱ्यांदा सांगत होते. यशवंताची आई म्हणाली, "दाव की गं बाय, ती यादी."

स्वरानं माझा फोन घेतला. फोटो उघडला. मोठा केला. आणि खाली सरकवला. बघा, अकरा वर्षांच्या पोरीला जे सुचलं ते!

"आत्या, दोन नंबरला ओंकार आहे."

"असेल. मग?"

"ओंकार मुलगा आहे."

"कोण ओंकार?"

"कबड्डीवाला आहे तो. मुलींच्या लांब उडीत दुसरा कसा आला?"

ओसरीवर एक कोंबडी तेवढी बोलत होती.

"तीन नंबरला गोळाफेकवाली आहे," स्वरा वाचत होती. "चार नंबरला आमच्याच शाळेचा चारशे मीटरवाला. आत्या, ही कसली यादी आहे?"

दादानं हळूच फोन घेतला. "वरचं कुटंय?"

"वरचं... आलं नाही फोटोत."

वहिनी उठली. फक्त एवढंच विचारलं, "सरांचा फोन कशाला येत होता?"

आहुप्यात रेंज मिळते ती कड्याजवळच्या एका दगडावर. दगडावर उभं राहायचं, तोंड कोकणाकडं करायचं. समोर खाली नुसती दरी! मला जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर गरगरतं. पण सरांचा नंबर माझ्या फोनात, घोळ माझा, मग चढणार कोण? मागून दादानं माझी ओढणी धरली, दादाला यशवंतानं धरलं, आणि मी फोन लावला.

"अहो ताईऽऽ!" सर असे ओरडले की फोनची गरजच नव्हती, जुन्नरातून थेट ऐकू आलं असतं. "दोन दिवस झाले फोन लावतोय! दाखला दिला का नाही?"

"कसला दाखला?"

"जन्मदाखला! ज्यांनी दिला नाही त्यांची यादी लावली होती भिंतीवर! पहिलंच नाव आपलं!"

मी दगडावर खाली बसले.

"सर, मग स्वराचा पहिला नंबर..."

"दुसरा! दुसरी आली पोरगी! जिल्ह्याला निवड झालीय तिची! पण उद्या अकराच्या आत इथल्या क्रीडा ऑफिसात दाखला नाही पोचला तर तीन नंबरची मुलगी जाईल. अहो, तुम्ही 'सगळं झालं' असा मेसेज टाकला, म्हणून मी निवांत झालो. आज टेबलवाल्यांना विचारलं तर अजून नाहीच!"

मी खाली उतरले. सगळं सांगितलं. स्वरा आधी एकदम उजळली, "दुसरी? म्हणजे मी जाणार?" आणि दुसऱ्याच क्षणी तिला पुढचं समजलं. पोरीचा चेहरा असा झाला ना, की मला वाटलं त्या दरीतच जावं.

"दाखला कुठंय, अशूताई?" वहिनी.

मी पर्स उघडली. पर्स उलटी केली. रुमाल, पेन, आल्याच्या गोळ्या, एसटीचं तिकीट...

"फ्लेक्सवाल्याकडं," मी म्हणाले. म्हणजे ओठ हलले. आवाज नंतर आला.

दादा नुसता म्हणाला, "बरंय."

सोमवारी उजाडायच्या आधी निघालो. वहिनी बोलत नाही तेव्हा ओरडलेली बरी वाटते. स्वरा खिडकीतून बाहेर बघत होती आणि पायानं जीपच्या तळावर ठोके देत होती, धावत घेतल्यासारखे.

आठ वाजता जुन्नर. फ्लेक्सचं दुकान बंद! शटरवरच्या नंबरला फोन लावला. बायकोनं उचलला.

"ते ओझरला गणपतीला गेलेत. मोबाईल घरीच ठिवलाय. किल्ली त्यांच्यापाशीच. दुपारी येतील."

"वहिनी, नवा काढता येईल का?" मी विचारलं. वहिनी म्हणाली, "तीन चकरा," आणि शटरचं कुलूप ओढून बघितलं.

मी शटरला टेकून खाली बसले. रडूच आलं होतं. काहीतरी करायचं म्हणून फोन काढला, फ्लेक्सवाल्यानं पाठवलेला फ्लेक्सचा फोटो उघडला. सोनेरी अक्षरं, गरुड, गॉगल... आणि कोपऱ्यातलं ते प्रमाणपत्र. आता मात्र मी मोठं करून वाचलं. वरपासून वाचलं, हो! पुसट होतं, पण मथळा लागला.

'जन्म प्रमाणपत्र.'

त्या भल्या माणसानं ते स्पर्धेत मिळालेलं प्रमाणपत्र समजून मोठ्या अभिमानानं छापलं होतं! शिक्का, सही, क्यूआर कोड, सगळं! आणि दोन दिवस आख्खं गाव त्याच्याकडे कौतुकानं बघत होतं. एकानंही वाचलं नव्हतं. म्हणजे एकटी मीच तशी नाही, हे जरा बरं वाटलं.

"दादाऽऽ! दाखला चौकात आहे!"

"कुठल्या चौकात?"

"आपल्याच! फ्लेक्सवर!"

फोनातल्या फोटोत नोंदणी क्रमांक लागेना, कोड तर नुसता काळा ठिपका दिसत होता. मग डिंगोरे! दादानं जीप अशी हाणली की मी सगळी वाट डोळे मिटून होते. चौकात पोचलो, दादा खांबावर चढला, दोऱ्या सोडायला लागला. तात्या पारावरच बसलेले.

"का रं संतोष? उतरवला व्हय? दोन दिसबी ठिवला न्हाई?"

"तात्या, जुन्नरला हापिसात दावायचाय!"

"हापिसात?" तात्या उठून उभे राहिले. "सायबानं मागवला? लई मोठं केलं राव पोरीनं!"

साडेदहा वाजून गेल्यावर आम्ही जुन्नरच्या त्या ऑफिसात शिरलो. दादा पुढं, मागं मी, खांद्यावर गुंडाळलेला फ्लेक्स, जशी काही पालखीच. दारात सर उभे होते, घाम पुसत. टेबलावर चष्मेवाले एक क्लार्क.

"दाखला आणलाय साहेब," मी म्हणाले.

"द्या."

"देते. जरा... ती खुर्ची सरकवता का?"

दोन टेबलं मागं घेतली. एक टोक दादानं धरलं, एक सरांनी, खालचे कोपरे मी आणि वहिनीनं. फ्लेक्स उलगडला. आख्खं ऑफिस उठून उभं राहिलं. क्लार्कनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"ताई, झेरॉक्स मागितली व्हती. एवढं मोठं मशीन कुठं गावलं तुमाला?"

"साहेब, कोपऱ्यात बघा. शिक्का आहे, कोड आहे, सगळं आहे. मूळ कागद दुकानात अडकलाय, दुपारी आणून दाखवते. पण तोवर अकरा वाजतील हो!"

त्यांनी मोबाईल काढला. कोड एवढा मोठा की मोबाईलमध्ये मावेना. मागं सरकले, अजून मागं सरकले, शेवटी दारात जाऊन उभे राहिले. टिंग! कोड लागला. मी दचकले आणि माझा कोपरा सुटला, पण तोपर्यंत मोबाईलवर सरकारी पान उघडलं होतं. नाव, जन्मतारीख, सगळं जुळलं.

"जुळतंय," क्लार्क म्हणाले. स्वरानं इतका वेळ धरून ठेवलेला श्वास सोडला, मला ऐकू आला. "पण ताई, इथं म्हणतंय प्रथम क्रमांक. माझ्या कागदावर तर ही द्वितीय हाय. ही तीच का दुसरी कुणी?"

तेवढ्यात मागच्या बाकावरून जिल्ह्याच्या फॉर्मवर सही करायला आलेले एक फेटेवाले बाबा उठले. शेजारी त्यांची मुलगी. उंच. ओतूरची!

"ओ पावणं," बाबा दादाला म्हणाले, "पयली आमची हाय. तुमी फ्लेक्स कसा काय लावला?"

दादाचं तोंड पडलं. सर भिंतीकडे बघायला लागले. वहिनी माझ्याकडे बघायला लागली. आता दुसरा मार्ग नव्हता. मी फ्लेक्सच्या मागून बाहेर आले आणि सगळ्या ऑफिसासमोर सांगितलं. फोटो, कापलेला मथळा, ओंकार कबड्डीवाला, सगळं!

मग स्वरा त्या उंच मुलीजवळ गेली आणि समजावणीच्या सुरात म्हणाली, "माझी आत्या आहे. तिला यादी वाचता येत नाही. एम.एस्सी. झालीय."

ती मुलगी फिसकन हसली. तिचे बाबा हसले. आणि क्लार्क तर असे हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. "जाऊ द्या हो," बाबा दादाला म्हणाले, "जिल्ह्याला दोघीबी जायच्यात. एकाच गाडीनं नेऊ. तुमचा गरुड मातुर झकास हाय." दोघी पोरी लगेच कोपऱ्यात उभ्या राहून धाव किती पावलांची घ्यायची, ते बोलायला लागल्या.

क्लार्कनी ड्रॉवरमधून कात्री काढली. फाईलला काहीतरी जोडायला पाहिजेच, म्हणून फ्लेक्सचा तो कोपरा कापला, चार घड्या घातल्या, पंच मारला आणि फाईलला बांधला. धाडकन शिक्का मारला, 'प्राप्त'. अकराला सात मिनिटं कमी होती!

"झालं ताई. पोरगी जिल्ह्याला चालली. मूळ कागद दुपारी दावून जावा."

अहो, मला काय झालं विचारू नका! मी सरांना नमस्कार केला, क्लार्कना नमस्कार केला, चुकून चहा घेऊन आलेल्या काकांनाही केला. वहिनीनं माझ्या पाठीवर हात ठेवला. सकाळपासून पहिल्यांदा! मला वाटलं, सुटले. निस्तरलं सगळं. आता यापुढं मी काहीही वाचल्याशिवाय पाऊल टाकणार नाही.

"बरं, हा जिल्ह्याचा फॉर्म," क्लार्क म्हणाले, "शाळेनं भरलाय. घरच्या मोठ्या माणसाची सही पाहिजे. कोण करतंय?"

"मी करते!" मी पेन जवळजवळ हिसकावलंच. काय ती आनंदाची सही! लांबलचक, खाली दोन रेघा, दोन टिंबं, आणि पुढं ऐटीत 'एम.एस्सी.'

क्लार्कनी फॉर्म घेतला. बघितला. चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"ताई, वय काय तुमचं?"

"सव्वीस. का हो?"

त्यांनी फॉर्म माझ्याकडे फिरवला आणि माझ्या सहीच्या बरोबर वर, ठळक छापलेल्या अक्षरांवर बोट ठेवलं. 'खेळाडूची सही.'

"न्हाई," ते म्हणाले, "चौदा वर्षांखालच्या मुलींत कसं बसवायचं तुमाला, त्येवढाच इचार करतोय."